एकच माणूस, दोन खाती

कंपनीच्या संगणकातली माहिती दोन जातींची असते. ऑर्डर, बिल, पावती, चेक ही रोज येणारी-जाणारी माहिती. ज्याच्या नावाने ती येते-जाते त्याचे नाव, पत्ता, करक्रमांक, बँकखाते, उधारीची मुदत ही बसून राहणारी. या दुसऱ्या जातीला मास्टर डेटा म्हणतात. वाण्याच्या दुकानातल्या खतावणीत पानाच्या डोक्यावर जे नाव लिहिलेले असते, तेवढाच भाग वेगळा काढला की झाला मास्टर डेटा. जुने सॉफ्टवेअर सोडून नवे घेताना पानावरचे जुने व्यवहार बरेचसे मागे ठेवता येतात. डोक्यावरची नावे मात्र न्यावीच लागतात, आणि ती नेताना ‘हे नक्की कोण?’ असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कोणी तरी विचारतो.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत सध्या हा प्रश्न जागोजागी विचारला जातो आहे, त्याला एसएपी या जर्मन कंपनीचे वेळापत्रक कारण आहे. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत एसएपी सुरू केली. १९९२ मध्ये आलेले तिचे आर/३ हे सॉफ्टवेअर त्या दशकात अमेरिकन उद्योगांनी भराभर घेतले. कारखाना, गोदाम, विक्री, खरेदी, हिशेब हे सगळे एका छपराखाली आले. त्याचीच पुढची पिढी म्हणजे ईसीसी. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एस/४हाना जाहीर झाले, आणि ईसीसीच्या शेवटच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबेल असे कंपनीने २०२० मध्ये सांगितले. जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत. तेव्हापासून स्थलांतराचे प्रकल्प एकामागून एक निघत आहेत.

जुन्या व्यवस्थेत ग्राहक आणि पुरवठादार ही दोन वेगळी घरे. ग्राहकाच्या मुख्य टेबलाचे नाव केएनए१, पुरवठादाराच्या टेबलाचे एलएफए१. पडदा इंग्रजी असला तरी त्याखालची अक्षरे जर्मन आहेत: ‘कुंडे’ म्हणजे ग्राहक, ‘लिफरांट’ म्हणजे पुरवठादार. हिशेबाच्या बाजूला मात्र ग्राहकाच्या खात्याला डी हे अक्षर, डेबिटोरचे, आणि पुरवठादाराच्या खात्याला के, क्रेडिटोरचे. मराठी पुस्तपालनातले ऋणको आणि धनको ते हेच. म्हणजे टेबलाच्या नावातला के ग्राहकाचा आणि खात्याच्या प्रकारातला के पुरवठादाराचा. नव्याने या कामात पडलेला माणूस पहिले काही दिवस इथे हमखास अडखळतो.

एस/४हानाने ही दोन घरे मोडून एकच केले. त्याचे नाव बिझनेस पार्टनर. आधी माणूस किंवा संस्था नोंदवायची, मग तिला भूमिका द्यायच्या: ग्राहकाची, पुरवठादाराची किंवा दोन्ही. यामागचा विचार चुकीचा नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत. त्यांच्याकडे शेतकरी मका आणि सोयाबीन घालतो, आणि त्याच संस्थेतून बियाणे, खत, डिझेल उचलतो. तो पुरवठादारही आहे आणि ग्राहकही. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. साखर कारखान्याचा सभासद ऊस घालतो तेव्हा पुरवठादार असतो, सवलतीची साखर उचलतो तेव्हा ग्राहक असतो, आणि त्याच्या ऊसबिलातून देणे कापून घेतले जाते तेव्हा दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे कारखान्याला चांगले ठाऊक असते. ईसीसीतही एका खात्यावर दुसऱ्याचा क्रमांक लिहून ठेवण्याची सोय होती. पण विक्रीखाते एका मजल्यावर, खरेदीखाते दुसऱ्या मजल्यावर. तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच सापडतो.

चालू व्यवस्था तशीच्या तशी एस/४हानात बदलायची असेल, तर नियम कडक आहे. मुख्य बदल सुरू होण्याआधी प्रत्येक ग्राहक आणि प्रत्येक पुरवठादार एकेका बिझनेस पार्टनरशी जोडलेला असला पाहिजे. जोडणीची नोंद ठेवायला दोन छोटी टेबले आहेत, एक ग्राहकांसाठी, एक पुरवठादारांसाठी. त्यांत एक नाव जरी कमी पडले तरी गाडी पुढे जात नाही. या सगळ्या खटाटोपाला सीव्हीआय असे तीन अक्षरी नाव आहे. प्रकल्पाच्या आराखड्यात त्याला एक ओळ मिळते, आणि प्रत्यक्षात ते काही महिने खाते.

हे काम करणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे हिंजवडी उभी राहिली. दोन आकडी सालांचा घोळ निस्तरायला, म्हणजे वायटूकेच्या निमित्ताने, नव्वदीच्या शेवटी पुण्या-मुंबईचे प्रोग्रामर मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, आणि त्यातले बरेच पुढे एसएपीकडे वळले. आजची नेहमीची मांडणी अशी: दोन-तीन माणसे ऑनसाइट, न्यू जर्सी किंवा ओहायोत क्लायंटच्या कार्यालयात, बाकीची पुण्यात. उन्हाळ्यात दोन्हींत साडेनऊ तासांचे अंतर, हिवाळ्यात साडेदहाचे. अमेरिकेत संध्याकाळी यादी पाठवायची, पुण्यात दिवसभर ती तपासली जाते, आणि सकाळी चुकांची दुसरी यादी तयार मिळते. अंतराचा हा फायदा खरा आहे. त्याची किंमत अशी की यादीतले नाव कोणाचे, हे ज्याला ठाऊक असते तो माणूस पुण्याच्या टीमला कधी भेटतच नाही. तो बहुधा अकाउंट्स पेएबलमध्ये पंचवीस वर्षे काढलेला, निवृत्तीला आलेला असतो, आणि मीटिंगच्या यादीत त्याचे नाव नसते.

पहिले काम मोजणीचे. ग्राहक किती, पुरवठादार किती, त्यांतले जिवंत किती. जिवंत म्हणजे काय हेही ठरवावे लागते: दोन वर्षांत व्यवहार झाला तो? की तीन? की ज्याची बाकी शून्य नाही तो? व्यवहार कधीच बंद पडलेली खाती यादीचा मोठा भाग व्यापून बसलेली असतात. काहींवर काढून टाकण्याची खूण केलेली असते, पण खूण म्हणजे काढणे नव्हे. खूण असलेले खातेही डेटाबेसमध्ये आहे तोवर त्याची जोडणी करावीच लागते. खरोखर काढायचे तर अर्काइव्ह करावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या नावावरची जुनी बिले, जुन्या ऑर्डरी आधी अर्काइव्ह व्हायला हव्यात. मग कोणी तरी कायदा विभागाला विचारते, तिकडून उत्तर यायला महिना लागतो, आणि शेवटी ‘राहू द्या, सगळेच नेऊ’ असे ठरते. हा निर्णय आळसाचा दिसतो, पण पुष्कळदा तोच शहाणपणाचा असतो. अर्काइव्हचा प्रकल्प स्वतंत्र आहे. तो स्थलांतराच्या पाठीवर लादला की दोन्ही रखडतात.

मोजणी करताना कारकुनांनी वर्षानुवर्षे स्वतःपुरत्या काढलेल्या वाटा दिसू लागतात. एखादे खाते बंद करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून नावाच्याच रकान्यात ‘डू नॉट यूज’ लिहून ठेवलेले असते. शोधशब्दाच्या रकान्यात कोणाच्या तरी सेक्रेटरीचा फोन नंबर, दुसऱ्या पत्त्याच्या ओळीत ‘मंगळवारी ट्रक पाठवू नये’, फॅक्सच्या रकान्यात ई-मेल. ई-मेल भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते म्हणून एकच खोटा पत्ता शेकडो खात्यांवर. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा कचरा आहे. पण मंगळवारी ट्रक न पाठवण्यामागे काही तरी कारण होते, आणि ते कारण त्या ओळीखेरीज कुठेही लिहिलेले नाही. सफाईच्या उत्साहात अशी ओळ पुसली गेली की नव्या व्यवस्थेतल्या पहिल्याच मंगळवारी ट्रक बंद फाटकापुढे उभा राहतो.

मग येतात डुप्लिकेट. एकाच पुरवठादाराची तीन खाती असतात: एक पूर्ण नावाने, एक आद्याक्षरांनी, एक शेवटी ‘इन्क’ लावून. ती शोधायला नावे नुसती अक्षराला अक्षर जुळवून चालत नाही, उच्चाराने किंवा साधारण सारखेपणाने जुळवावी लागतात. या विद्येचा उगम अमेरिकेतच आहे. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये साउंडेक्सचे पेटंट घेतले. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर सोडायचे, बाकीच्या व्यंजनांना गटवार अंक द्यायचे, आणि चार खुणांचा एक संकेत बनवायचा. जनगणनेच्या जुन्या याद्यांची सूची करायला ही पद्धत पुढे वापरली गेली. इंग्रजी आडनावांना ती बरी चालते. मराठी आडनावे तिच्यातून घातली की गंमत होते. ‘जोशी’ आणि ‘जोग’ दोघांचा संकेत जे-२०० येतो, म्हणजे यंत्राच्या मते दोघे एकच. उलट ‘वाघ’ हे आडनाव कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. पहिले अक्षर वेगळे म्हणून यंत्राच्या मते ती दोन माणसे. ‘शिंदे’ आणि इंग्रजी वळणाचे ‘सिंदिया’ यांचा संकेत मात्र एकच, एस-५३०, आणि तिथे यंत्राने मराठ्यांचा इतिहास बरोबर ओळखला म्हणायचे. आज साउंडेक्सपेक्षा पुष्कळ चांगली साधने आहेत. तरी त्यांचे उत्तर ‘बहुधा’ या शब्दापाशी थांबते. त्याच्या पुढचे माणसाने पाहायचे.

ओळख पटवायला नावाऐवजी क्रमांक वापरावा, ही कल्पनाही अमेरिकेत जुनी आहे. लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वार्ताहर कुठल्या दुकानदाराची पत कशी आहे ते लिहून पाठवत, आणि ते मोठ्या वह्यांत उतरवले जाई. तरुणपणी वकिली करणारे अब्राहम लिंकन हे त्या वार्ताहरांपैकी एक. त्याच संस्थेची पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. व्यवसायांना नऊ अंकी डन्स क्रमांक देण्याची तिची पद्धत साठच्या दशकातली. अमेरिकन सरकारनेही आपल्या पुरवठादारांसाठी तोच क्रमांक बरीच वर्षे वापरला, आणि ४ एप्रिल २०२२ रोजी तो सोडून स्वतःचा बारा अक्षरी क्रमांक सुरू केला. त्यामुळे सरकारी कामे करणाऱ्या कंपन्यांच्या मास्टरमध्ये आता दोन्ही क्रमांक सांभाळावे लागतात.

दुसरा आधार करक्रमांकाचा. धंद्याला नऊ अंकी ईआयएन असतो, व्यक्तीला नऊ अंकी सोशल सिक्युरिटी क्रमांक. एकच ईआयएन असलेली पाच खाती सापडली म्हणून ती पाच डुप्लिकेट ठरत नाहीत. एकाच कंपनीच्या पाच शाखा असतील, प्रत्येकीचा माल वेगळ्या गोदामातून येत असेल, एकीचे पैसे चेकने जात असतील आणि दुसरीचे बँकेत. दोन खाती एक करायची की नाही, हा निर्णय खरेदीखात्याचा आहे, टीमचा नाही. तरी तो टीमच्या गळ्यात पडतो, कारण खरेदीखात्याला वेळ नसतो. अशा वेळी टीमने एक न करणे बरे. दोन खाती उगीच राहिली तर थोडा पसारा राहतो. दोन वेगळी माणसे चुकून एक झाली तर एकाचे पैसे दुसऱ्याला जातात.

नंतर रकान्यांची पाळी. यातली सर्वांत क्षुल्लक दिसणारी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे हरवलेले शून्य. १ जुलै १९६३ रोजी अमेरिकेत पाच अंकी झिप कोड सुरू झाले, आणि ईशान्येकडच्या बऱ्याच राज्यांना शून्याने सुरू होणारे कोड मिळाले. मराठी वस्तीचे एडिसन ०८८२०, जर्सी सिटी ०७३०६, बॉस्टन ०२१०८. यादी एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्याला संख्या समजतो आणि पुढचे शून्य गिळतो. एडिसनचे ८८२० होते. मग परत भरताना सॉफ्टवेअर पाच अंक मागते आणि सबंध न्यू जर्सी नापास होते. हे निदान कळते तरी. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे पहिले तीन अंक २०११ पर्यंत राज्यावरून ठरत, आणि न्यू इंग्लंडमधल्या क्रमांकांची सुरुवात शून्याने होई. एसएपीत ग्राहक क्रमांकही दहा जागांचा असतो आणि पुढची जागा शून्यांनी भरलेली असते. प्रत्येक ठिकाणी तोच एक्सेल, तीच गिळंकृत करण्याची सवय. म्हणून अनुभवी माणूस फाइल डबलक्लिक करून उघडत नाही. आधी रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून मगच ती आत घेतो. नवा माणूस एकदा रात्र वाया घालवतो, आणि मग तोही तसेच करतो.

पत्त्याचा संबंध विक्रीकराशीही आहे. अमेरिकेत देशभराचा जीएसटी नाही. राज्य, काउंटी, शहर आणि कधी कधी त्याहून लहान विभाग आपापला कर लावतात; पाच राज्ये मात्र राज्य पातळीवर विक्रीकर लावतच नाहीत, त्यांत ओरेगन आणि डेलावेअर येतात. २१ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात निकाल दिला की राज्यात दुकान किंवा गोदाम नसले तरी विक्रेत्याकडून तिथला कर वसूल करता येतो. त्यानंतर ग्राहकाचा पत्ता हा हिशेबाचा भाग झाला. एसएपीत प्रत्येक पत्त्याला करक्षेत्राचा संकेत असतो, आणि तो बहुधा व्हर्टेक्स किंवा अ‍ॅव्हलारासारख्या बाहेरच्या करप्रणालीकडून ठरवून घेतात. नुसत्या झिप कोडवरून तो नेमका सांगता येत नाही, कारण झिप कोड टपाल वाटायला केलेला आहे, कर वसूल करायला नाही; एकाच झिपमध्ये शहराची हद्द मध्येच संपू शकते. जोडणी करताना जुना पत्ता नव्याने तपासला जातो, आणि वीस वर्षे कोणी न पाहिलेला संकेत चुकीचा निघतो. करमाफीची प्रमाणपत्रे असलेले ग्राहक, म्हणजे शाळा, चर्च, माल पुन्हा विकणारे व्यापारी, यांची खूण वाटेत गळली तर पुढच्या बिलावर कर लागतो आणि ग्राहकाचा फोन त्याच दिवशी येतो.

पुरवठादारांच्या बाजूला सर्वांत अवघड प्रश्न वरवर सोपा दिसतो: हा पुरवठादार व्यक्ती आहे की संस्था? बिझनेस पार्टनर तयार करताना ते सांगावेच लागते, आणि एकदा सांगितले की बदलता येत नाही. जुन्या एलएफए१मध्ये असा प्रश्नच नव्हता. नाव होते, बस्स. अमेरिकेत गवत कापणारा, रंगारी, प्लंबर, एकटा सल्लागार हे सगळे स्वतःच्या नावाने किंवा दुकानाच्या नावाने धंदा करतात. त्यांच्याकडून डब्ल्यू-९ हा फॉर्म भरून घेतलेला असतो. त्यावर पहिल्या ओळीत करदात्याचे नाव, दुसऱ्या ओळीत धंद्याचे. एकाच मालकाची एलएलसी असेल आणि तिने वेगळी निवड केलेली नसेल, तर करासाठी ती वेगळी मानली जात नाही. पहिल्या ओळीवर मालकाचेच नाव यायला हवे. कारकुनाने मात्र खाते उघडताना ट्रकवर रंगवलेले नाव घातलेले असते. वर्षअखेर पुरवठादाराला दिलेल्या रकमेचा १०९९ फॉर्म त्या नावाने निघतो, करखात्याकडे नाव आणि क्रमांक जुळत नाहीत, नोटीस येते, आणि पुरवठादाराने दुरुस्त माहिती दिली नाही तर त्याच्या पैशांतून २४ टक्के कापून ठेवण्याची पाळी येते. ज्याने महिनाभर छतावर काम केले त्याला हे समजावणे कोणालाच नको असते.

जुन्या व्यवस्थेत अमेरिकन पुरवठादारासाठी करक्रमांकाचे दोन वेगळे रकाने होते: पहिला सोशल सिक्युरिटीचा, दुसरा ईआयएनचा. दोन्ही नऊ अंकी, आणि फरक फक्त मधल्या रेघांच्या जागेचा. रेघा न घालता भरलेला क्रमांक चुकीच्या रकान्यात बसला तरी कोणाला दिसत नाही. त्या चुका याच टप्प्यावर बाहेर येतात, आणि त्या सोडवायला कपाटातला कागदी डब्ल्यू-९ काढण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

क्रमांकाचा आणखी एक गुंता आहे. ईसीसीत ग्राहक आणि पुरवठादार यांचे क्रमांक स्वतंत्र चालत, त्यामुळे १०००२५ या क्रमांकाचा ग्राहक एक आणि त्याच क्रमांकाचा पुरवठादार दुसराच, असे सर्रास आढळते. नव्या घरात सगळे एकत्र आल्यावर एका क्रमांकावर एकच राहू शकतो. सगळ्यांना नवे क्रमांक द्यावेत, असे शिस्तीची आवड असलेले लोक सुचवतात. त्यांचे ऐकू नये. जुना क्रमांक पुरवठादाराच्या बिलावर छापलेला असतो, चेकच्या स्टबवर असतो, गोदामातल्या माणसाला पाठ असतो. ग्राहकांचे क्रमांक जसेच्या तसे पार्टनर क्रमांक करायचे, आणि ज्या पुरवठादाराचा क्रमांक आधीच घेतला गेला आहे त्यालाच नवा द्यायचा, ही तडजोड सगळ्यात कमी त्रासाची ठरते. तसेही ग्राहक आणि पुरवठादार क्रमांक आतल्या बाजूला जुनेच राहतात. बदलतो तो फक्त वरचा पार्टनर क्रमांक. ही गोष्ट लोकांना एकदा पडद्यावर दाखवली की निम्मी भीती जाते.

बँकेचे तपशील हा सगळ्यात नाजूक भाग. अमेरिकन बँकेचा राउटिंग क्रमांक नऊ अंकी असतो आणि तो स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो. पहिला, चौथा, सातवा अंक तीनने गुणायचा; दुसरा, पाचवा, आठवा सातने; बाकीचे तीन जसेच्या तसे. बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. यात टायपिंगची चूक बहुतेक वेळा पकडली जाते, लबाडी पकडली जात नाही. एका लिथुआनियन माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीचे सोंग घेऊन, खोटी बिले आणि ई-मेल पाठवून फेसबुक आणि गूगल यांच्याकडून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. स्थलांतराच्या शेवटच्या आठवड्यांत मास्टर डेटा गोठवतात, म्हणजे जुन्या व्यवस्थेत नवे बदल बंद. पण पुरवठादार थांबत नाहीत. ‘आमची बँक बदलली’ अशी पत्रे येत राहतात आणि ती एका वेगळ्या यादीत साठतात. नवी व्यवस्था सुरू झाल्यावर ती यादी घाईने भरली जाते. लबाडीला याहून सोयीची वेळ नाही. त्या यादीतल्या प्रत्येक बदलासाठी, पत्रावरच्या नव्हे तर जुन्या नोंदीतल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करावी, हा नियम कितीही कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये.

प्रत्यक्ष जोडणी कॉकपिट नावाच्या एका पडद्यावरून चालते. खाती गठ्ठ्यागठ्ठ्यांनी सोडायची, जी अडतील ती चुकांच्या यादीत पडतात, कारण दुरुस्त करून पुन्हा सोडायची. पहिल्या मॉकमध्ये, म्हणजे रंगीत तालमीत, अडलेल्यांचा ढीग पाहून क्लायंटचा मॅनेजर पांढरा पडतो. घाबरण्यासारखे त्यात फारसे नसते, कारण हजारो ओळींच्या मागे कारणे मोजकीच असतात: संबोधनाचा संकेत नव्या यादीत नाही, संपर्कव्यक्तीच्या विभागाचे मॅपिंग केलेले नाही, ई-मेलमध्ये मोकळी जागा आहे, झिपमध्ये अंक कमी आहे. एक मॅपिंग भरले की ढीग झटक्यात निम्मा होतो. खरा घाम शेवटच्या काही डझन खात्यांसाठी गाळावा लागतो. त्यातले प्रत्येक वेगळ्या कारणाने अडलेले असते, आणि त्यांतच नेमका कंपनीचा सगळ्यात जुना ग्राहक असतो.

तपासणीचा सगळ्यात चांगला मार्ग यंत्राकडे नाही. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर घेताना हस्तलिखित आणि संगणकीय नोंदीत फरक निघू लागले, तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेतली गेली. उतारे लोकांसमोर वाचायचे, ज्याची जमीन त्याने चूक सांगायची. ओहायोतल्या कॉन्फरन्स रूममध्येही हेच करावे लागते. निवृत्तीला आलेल्या त्या अकाउंट्सच्या माणसाला बोलवायचे, चहाऐवजी कॉफी आणि डोनट ठेवायचे, मोठ्या रकमेचे दोनशे पुरवठादार पडद्यावर एकेक करून दाखवायचे. ‘हे दोघे भाऊ आहेत, पण त्यांचे बोलणे बंद आहे, खाती एक करू नका,’ अशी माहिती कुठल्याही साधनातून मिळत नाही. प्रकल्पाच्या खर्चपत्रकात या बैठकीसाठी रक्कम धरलेली नसते. ती धरायला हवी.

मास्टर डेटा हलका समजण्याची किंमत काय, याची उदाहरणे अमेरिकन उद्योगात आहेत. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या उन्हाळ्यात एसएपीसह तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या आणि त्या वर्षी हॅलोविनच्या हंगामात गोदामात माल असूनही दुकानांपर्यंत पोहोचवणे तिला जमले नाही. टार्गेटने २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडली, तिथली एसएपीतली वस्तूंची माहिती घाईत भरलेली आणि चुकांनी भरलेली निघाली. फळ्या रिकाम्या, गोदामे तुडुंब. २०१५ मध्ये कंपनीने तिथली सगळी १३३ दुकाने बंद केली. दोन्हीकडे कारणे अनेक होती. तरी ट्रकमध्ये काय आणि किती मावते हे संगणकाला चुकीचे सांगितले, की पुढचे गणित कोणत्याही सॉफ्टवेअरला बरोबर करता येत नाही.

कटओव्हरसाठी बहुधा लांब सुट्टी शोधतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची लेबर डे अनेकांच्या सोयीची. शुक्रवारी संध्याकाळी जुनी व्यवस्था बंद, मंगळवारी सकाळी नवी सुरू. पुण्याच्या टीमने त्या वर्षीचे गणपती लॅपटॉपशेजारी बसून पाहिलेले असतात, कारण दोन्ही पुष्कळदा जवळजवळ येतात. मंगळवारी ग्राहक शोधायला जुना ट्रान्झॅक्शन कोड टाकला की पडदा आपोआप बिझनेस पार्टनरकडे वळतो. चार दिवस तक्रारी येतात, मग लोकांची बोटे वळतात. दोन-तीन आठवड्यांत प्रकल्प यशस्वी झाल्याचा मेल सगळ्यांना जातो आणि केक कापला जातो.

पुरवठादारांची परीक्षा मात्र अजून व्हायची असते. ज्याला वर्षभरात ६०० डॉलर किंवा जास्त दिले त्या प्रत्येक छोट्या व्यावसायिकाचा १०९९ काढावा लागे. २०२६पासून दिलेल्या रकमांसाठी ही मर्यादा २,००० डॉलर झाली आहे. त्या फॉर्मवर कपाटातल्या डब्ल्यू-९वरून दुरुस्त केलेले नाव आणि क्रमांक छापले जातात, किंवा न दुरुस्त केलेले. तो पुरवठादाराला आणि करखात्याला पोहोचवण्याची मुदत ३१ जानेवारी. तोवर टीम पुढच्या क्लायंटकडे गेलेली असते.